डोकं, दाढी, मग बोट

१६ एप्रिल, मंगळवार

आणि वर मलाच विचारतो, डोळे फुटलेत का म्हणून. टर्कीच्या गालाला जांभळा रंग म्हाताऱ्या मालकानं स्वतः फासला. मी निळीच बाटली पुढे ठेवली होती. ती सोडून ह्यानं शेजारची जांभळी उचलली, आणि आता म्हणे मी चुकीची दिली. सत्तेचाळीस वर्षं टर्कीत पेंढा भरणाऱ्या माणसाला निळा आणि जांभळा ह्यातला फरक कळत नाही? चांगला कळतो. मला हाकलायचंय म्हणून हे सगळं चाललंय. सरळ तोंडानं जा म्हणाला तर त्याची बायको वर्नाबाई भांडतील, म्हणून मीच कंटाळून जावं असा डाव आहे.

पेंढा आपलं म्हणायला. आत फोमचं धड असतं, त्यावर कातडं चढवायचं, डोकं मात्र साच्यातलं, ते रंगवायचं. माथा पांढरा, गाल निळा, मान लाल. माजावर आलेल्या नराचे हे तीन रंग. तो ओमाहावाला गिऱ्हाईक जांभळा गाल बघून काय म्हणाला असता? मग मी स्पिरिट घेऊन सगळं पुसलं आणि पुन्हा रंगवलं. त्याबद्दल एक शब्द नाही.

बोलताना म्हातारा माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तोंड बाजूला करून खिडकीशी बोलल्यासारखा बोलतो.

"काय रे केंटकी, तुमच्याकडं टर्की जांभळी असते काय?"

"नाही मालक."

"मग दारू जांभळी असणार."

वर्नाबाई आत कणीक मळत होत्या, त्या हसल्या. मला राग आला, पण मीही हसलो. राहायला खोली त्यांची, जेवण त्यांचं. मी केंटकीहून आलेला, ह्या म्हाताऱ्याच्या, मायलो सेडलाचेकच्या घरातून निघालो तर ह्या नेब्रास्कात मला ओळखणारं कुत्रं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

आज एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवतो.

सकाळी मी डोंगराच्या वरच्या धारेवर एकटाच बसलो होतो. उद्या शिकारीला येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी टर्कीचा नर कुठल्या झाडावरून उतरतो ते बघायचं होतं. साडेसातला उठून खाली यायला लागलो तर पाइनच्या झाडांमधून म्हातारा समोरून येताना दिसला. मी थांबलो. तो वीस पावलांवर आला, माझ्याकडे रोखून बघितलं, एक मिनिटभर तरी बघितलं असेल. मी हात वर केला. त्यानं नुसती मान तिरकी केली, जसं एखादं वाळकं खोड बघावं तसं, आणि वळून निघून गेला.

माणसाला इतकं कस्पटासमान मानतात?

घरी आल्यावर म्हणतो, "कुठं होतास? दिसला नाहीस सकाळपासून."

वीस पावलांवरून बघून वर हे विचारतो! 

२० एप्रिल, शनिवार

 

हे कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहितो. मला जंगलात भीती वाटते. कॉर्बेटमामाला आमच्याकडे टर्कीच्याच हंगामात छर्रे लागले. मामा झाडाला टेकून मादीचा आवाज काढत होता, आणि दुसरा एक जण त्या आवाजावर रांगत आला. त्याला झुडपात काहीतरी हललेलं दिसलं, बास. मामाच्या गालात अजून तीन छर्रे आहेत. लहानपणी तो आम्हाला बोटानं दाबून बघू द्यायचा, कातडीखाली मोहरीसारखे सरकायचे. तेव्हा मजा वाटायची. आता मी झाडाला पाठ लावून बसतो तेव्हा माझा गाल आपोआप दुखायला लागतो. भित्रा वाटाड्या कोण ठेवून घेईल? म्हणून गप्प बसतो.

आज म्हातारा म्हणाला, चल, आपल्या दोघांसाठी एक नर बघू. त्यानं मला ओढ्याच्या पलीकडे बसवलं, नराला भुलवायची प्लास्टिकची मादी मधल्या गवतात रोवली, आणि तो अलीकडे बसला. मी आवाज काढायचा, त्यानं मारायचं. मी तोंडातली शिट्टी वाजवली. पापडीच्या तुकड्याएवढी असते ती, टाळूला चिकटवून फुंकायची. दोनदा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली आणि बघतो तर म्हाताऱ्याच्या बंदुकीची नळी हळूहळू वळतेय. मादीवरून पुढे, गवतावरून पुढे, आणि माझ्यावर येऊन थांबली.

 हलायचं नाही, हात हलवायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. ओरडायचं असतं. पण माझ्या तोंडात शिट्टी होती आणि ती टाळूला चिकटून बसली, निघेचना. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कुठंतरी लांब खरा नर ओरडला आणि नळी तिकडे वळली.

येताना गाडीत मी विचारलं, "मालक, मघाशी बंदूक माझ्यावर होती."

"तुझ्यावर?" तो खिडकीकडे तोंड करून हसला. "तुझ्या छातीवर दाढी कुठाय?"

नराच्या छातीवर केसांचा झुबका असतो, त्याला दाढी म्हणतात. गिऱ्हाइकाला तो रोज हेच शिकवतो. आधी डोकं बघ, मग दाढी बघ, मग चापावर बोट. डोकं, दाढी, मग बोट. आणि स्वतः?

ह्या माणसाला मला मारायचंय. हसू येतंय लिहिताना, पण दुसरं काय समजायचं?

२१ एप्रिल, रविवार, ईस्टर

वर्नाबाईंनी हॅम आणि खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, केले. मी सहा खाल्ले. म्हातारा चर्चला गेला नाही, डोकं दुखतंय म्हणाला.

जेवायला बसलो की वर्नाबाई त्याच्या ताटात पदार्थ ठरलेल्या जागीच वाढतात. मांस खाली, बटाटा डावीकडे, आणि पेला नेहमी सुरीच्या टोकाला. आज मी पेला जरा सरकवला तर त्यांनी झटकन परत जागेवर ठेवला. म्हाताऱ्याचे एवढे लाड! आमच्या आईनं बापाला कधी पाणीसुद्धा हातात दिलं नाही.

भांडी घासताना विचारतात, "गाडी कशी चालवतो रे मायलो हल्ली?"

"रस्त्याच्या मधोमध," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत.

आईचा फोन आला. तेच ते. टायरच्या दुकानात टिकला नाहीस, कोंबड्यांच्या कारखान्यात टिकला नाहीस, इथंही टिकणार नाहीस. मी म्हटलं, ह्या वेळी टिकणार आहे. बंदुकीचं काही सांगितलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

गाडी घालून टपालपेटी पाडली त्यानं. भर दुपारी, आमचीच, आमच्याच फाटकावरची. मी शेजारी बसलो होतो. "मालक, मालक!" म्हणेपर्यंत आडवी झाली. खाली उतरून तिला लाथ मारून म्हणतो, "कुणी पुढे आणली ही?"

मी ठरवलं. उद्या निघायचं. पिशवी भरली. वर्नाबाईंना सांगायला स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं ओकून टाकलं. नळी माझ्यावर थांबली ते, वीस पावलांवरून ओळख दाखवली नाही ते. म्हटलं, तुमचा नवरा मला मारणार आहे, बाई.

त्या खुर्चीवर बसल्या. पदराला पुसावेत तसे हात अ‍ॅप्रनला पुसत राहिल्या.

"तो तुला मारणार नाही, रॅन्सम. तू त्याला दिसतच नाहीस."

नजरेच्या मधलं गेलंय म्हणे. दोन्ही डोळ्यांचं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. समोर बघितलं की राखाडी डाग, म्हणून तोंड वळवून बोलतो. दोन वर्षं झाली. डॉक्टरनं बंदूक आणि गाडी दोन्ही सोडायला सांगितलं होतं, ते कागद बाईंनी पिठाच्या डब्याखाली ठेवलेत.

मी म्हटलं, "मग तुम्ही मला ठेवलंत ते..."

"रंग ओळखायला कुणीतरी हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या शेजारी बसायला."

माझ्या मनातून एक भीती गेली आणि दुसरी येऊन बसली. पहिली बरी होती. मारायला बसलेल्या माणसापासून लांब पळता येतं.

२६ एप्रिल, शुक्रवार

गेलो नाही.

३० एप्रिल, मंगळवार

शनिवारी मिनेसोटाहून आर्ने ब्रॅन्डव्होल्ड येतोय, मुलीला घेऊन. मुलगी चौदा वर्षांची, सोल्वे नाव. तिचा शिकारीतला पहिला पक्षी. तो उभाच भरून हवाय, पिसारा उघडलेला, एक पाय वर. म्हाताऱ्यानं फोम काढूनसुद्धा ठेवलाय. म्हणजे मुलीच्या मागं म्हातारा बसणार, आणि तो मार म्हणेल तेव्हा ती मारणार. सगळी गिऱ्हाइकं तसंच करतात. वाटाड्या म्हणाला मार की मारायचं, त्याचेच तर पैसे असतात.

मी बाईंना म्हटलं, ब्रॅन्डव्होल्डला फोन करून सांगा. त्या म्हणाल्या, "हा शेवटचा हंगाम रे पोरा. फक्त हा. मग मी स्वतः बंदूक विकते."

मी म्हटलं, मग मी सांगतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. आणि खरं लिहायचं तर नुसतं त्यांच्या बघण्यानं नाही. सांगितलं की दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर, हे मला कळत होतं. चौदा वर्षांची मुलगी, आणि मी माझ्या खाटेचा विचार करत होतो.

संध्याकाळी जेवताना म्हातारा मिठाच्या डबीकडे बघत म्हणाला, "शनिवारी तू माझ्या डावीकडं बसायचं. डोकं दिसलं की माझ्या गुडघ्यावर एकदा थाप मार. नाही दिसलं तर दोनदा."

 वर्नाबाईंनी वाटाणे वाढले.

४ मे, शनिवार

सगळं लिहितो. नाहीतर उद्या मला वाटेल की मीच काहीतरी वाढवून सांगतोय.

उजाडायच्या आधी बसलो. मोठ्या पाइनला टेकून म्हातारा, त्याच्या पुढ्यात सोल्वे, गुडघ्यावर बंदूक. डावीकडे मी. आर्ने मागे दहा पावलांवर.   मुलीनं मला हळूच विचारलं, "तुला पहिल्यांदा भीती वाटली होती?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोललो.

म्हातारा आवाज काढायला लागला. डोळ्यांचं काहीही असो, त्या लाकडी पेटीवर तो झाकण असं घासतो की खरी मादी लाजेल. लगेच उत्तर आलं. नराचं. खालच्या घळीतून, घशातून खळाळत येणारं. म्हाताऱ्यानं पुन्हा घासलं. पुन्हा उत्तर, जवळून. म्हाताऱ्याचा चेहरा तरुण झाल्यासारखा दिसला, शप्पथ.

मग घळीच्या काठावर पिसारा दिसला. पूर्ण उघडलेला, दुधी किनारीचा, गवताच्या वर. थोडा पुढे आला, थांबला, थोडा हलला. पस्तीस पावलं असतील.

सोल्वेनं बंदुकीची माशी त्यावर धरली. मला तिच्या मानेची शीर उडताना दिसत होती.

मी डोकं शोधत होतो. पांढरं, निळं, लाल, काहीच नव्हतं. पिसारा होता आणि पिसाऱ्याखाली नुसतं गवत. मी म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर दोनदा मारलं.

पिसारा पुढे आला. खळखळाट झाला. इतका जवळून की मुलगी दचकली.

मी पुन्हा दोनदा मारलं. जोरात.

आणि म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला, "तोच. मार."

मला पिसाऱ्याच्या खाली एक गोष्ट दिसली. बुटाचा तळवा. काळा, रबरी, नक्षीचा.

नर समोर असताना कधी ओरडायचं नसतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. म्हाताऱ्याच्या मांडीवरून पुढे पडलो आणि नळीला हात घातला. बार उडाला. कानात घंटा वाजायला लागल्या. पिसाऱ्याची पिसं वर उडाली आणि सावकाश खाली येत राहिली.

मग गवतातून आवाज आला, "अरे कोण आहे? मायलो? मायलो, मी आहे रे! मी!"

गेलन कुसेक. शेजारचा कुरणवाला. कुंपणापलीकडून रांगत आला होता, पुढे वाळका पिसारा धरून. काही लोक अशी शिकार करतात, नराला वाटतं दुसरा नर आलाय, तो भांडायला धावून येतो. नराचा आवाजही तोच काढत होता. तो उठला नाही. तिथंच बसून हसायला लागला.

"तीस वर्षं शेजार केला, आणि असा निरोप देतोस होय?"

हसणं थांबेना त्याचं. मग मी बघितलं की तो हसत नाहीये.

आर्ने आला. मुलीच्या हातातून बंदूक काढून घेतली, उघडली, दुसरं काडतूस खिशात टाकलं. ती झाडामागे जाऊन ओकली. आर्नेनं म्हाताऱ्याला विचारलं, अगदी सावकाश विचारलं, "तुम्ही मार कसं म्हणालात?"

"आवाज नराचा होता."

"आवाज माझा होता," गेलन म्हणाला. "डोकं कुठं होतं, मायलो? तूच शिकवलंस ना मला? डोकं कुठं होतं?"

म्हातारा माझ्या बाजूला तोंड करून बसला होता, म्हणजे तो गेलनकडे बघत होता. 

गेलनच्या टोपीच्या काठाला एक भोक आहे. मी बोट घालून बघितलं. बोटाला केसच लागले.

५ मे, रविवार

ब्रॅन्डव्होल्ड कालच गेले. जाताना सोल्वे माझ्याजवळ आली. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "तुला माहीत होतं." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी हो म्हणालो. ती गाडीत बसली.

गेलननं वनखात्याला कळवलेलं नाही. अट एकच घातली, म्हाताऱ्याच्या हाती बंदूक नाही, गाडी नाही. वर्नाबाईंनी तिन्ही बंदुका गेलनच्या गाडीत ठेवल्या, म्हाताऱ्याच्या गाडीच्या किल्ल्यांसकट.

माझ्या उजव्या कानात अजून वाजतंय.

६ मे, सोमवार

दुपारी पेंढा भरायच्या दुकानात गेलो. म्हातारा दिवा न लावता कोपऱ्यात बसून एका पंखाची पिसं बसवत होता, नुसत्या बोटांनी. एक पीस दुसऱ्याखाली सरकवायचं, अंगठ्यानं चाचपायचं. एकही चुकलं नाही. मी बघत उभा राहिलो.

"केंटकी?"

"हो."

"दोनदा मारलंस ना तू. गुडघ्यावर."

"चारदा. दोनदा दोनदा."

"कळलं होतं मला."

 त्यानं अजून एक पीस सरकवलं.

"आवाज इतका खरा होता रे," तो म्हणाला. "मला दिसला तो. शपथेवर सांगतो, मला दिसला. लाल मान, सगळं."

मला जितकी भीती त्या नळीची वाटली होती त्याहून ह्याची जास्त वाटली. म्हणजे दिसत नाही ते माणूस मनानं रंगवून टाकतो, आणि त्याला ते खरंच दिसतं? मग मी काय काय बघितलंय आजवर? म्हातारा मला मारणार, हे मीही डोळ्यांनी बघितलं होतंच की.

८ मे, बुधवार

गेलन आला. हातात तो पिसारा. वरच्या बाजूची तीन पिसं अर्ध्यात तुटलीत, चारांत भोकं आहेत.

"हा लाकडी पाटीवर लावून दे. भिंतीवर टांगतो."

म्हातारा म्हणाला, "माझ्याकडं जुळणारी पिसं आहेत. कळणारही नाही कुठं तुटलं होतं."

"पीस घालायचं नाही. आहे तसा." गेलननं पिसारा म्हाताऱ्यापुढे धरला होता, तो आता माझ्याकडे वळवला. "हा लावेल."

तुटक्या पिसांचं काम ह्या दुकानातून कधी बाहेर गेलेलं नाही. म्हाताऱ्याचा जबडा हलला. मग त्यानं रंगाच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली, माझ्या बाजूला, आणि आत निघून गेला.

१४ मे, मंगळवार

पिसारा झाला. किटलीच्या वाफेवर एकेक पीस सरळ केलं, बुडखा घट्ट बसवला, अक्रोडाची पाटी घासून तेल लावलं. चार दिवसांचं काम होतं, मला सहा लागले. भोकापाशी आलो की हात थांबायचा. एका भोकातून पलीकडे बघितलं की खिडकी दिसते, खिडकीत फाटक. आज ड्रायर चालू करताना फट् झालं तर मी टेबलाखाली होतो. वर्नाबाईंनी येऊन ड्रायर बंद केला. काल मी जंगलाच्या कडेपर्यंत गेलो आणि परत आलो. एक नर ओरडत होता. खरा होता की कोण, मला सांगता येणार नाही.

म्हाताऱ्यानं पाटी मांडीवर घेतली आणि सगळी पिसं बोटांनी मोजली. अठरा. भोकांवरून बोट फिरवलं, तुटक्या टोकांवर जरा थांबला.

"डावीकडचं शेवटचं वाकडं आहे," म्हणाला. होतं वाकडं. सरळ केलं.

गेलननं संध्याकाळी येऊन नेला. पैसे त्यानं म्हाताऱ्याच्या हातात ठेवले. म्हाताऱ्यानं मोजले नाहीत, तसेच माझ्याकडे केले, जरा बाजूला, जिथं मी नव्हतो तिथं. मी सरकून घेतले.

आईला चिठ्ठीत काय लिहावं ह्यात अर्धा तास गेला. पैसे कशाचे म्हणून सांगू? शेवटी एवढंच लिहिलं, पहिलं काम मी एकट्यानं केलं, त्याचे आहेत. एकशे दहा डॉलर पाठवतोय.